खालच्या विभागातील इंग्लिश स्ट्रायकरची कारकीर्द कशी वाचावी

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटीसाठी ११ गोल करणारा इंग्लिश स्ट्रायकर, म्हणजे गोल करणे हे मुख्य काम असलेला आघाडीचा खेळाडू, अॅडम ल फाँद्र मुंबईकरांना प्रत्यक्ष पाहायला मिळालाच नाही. महासाथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला आणि १३ मार्च २०२१ रोजी एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात करून मुंबईने विजेतेपद मिळवले तेव्हाही क्लबचे अंधेरीतील घरचे मैदान रिकामे होते. त्या काळात अनेकांनी या खेळाडूची माहिती शोधली आणि स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, कार्डिफ, बोल्टन, वुल्व्हज, विगन, सिडनी अशी क्लबांची लांबलचक यादी पाहून "हा कुठेच टिकला नाही" असा निष्कर्ष काढला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि १८ मे २०२४ रोजी वेम्बली येथे बोल्टनला २-० असे नमवून त्या क्लबने बढती मिळवली. तेव्हा तर आपल्याकडील बरेच तरुण खालच्या विभागांचे निकाल नियमाने पाहू लागले. अशा वाचकांपैकी ज्यांना एखाद्या स्ट्रायकरची कारकीर्द नीट समजून घ्यायची आहे, आणि शक्य झाल्यास तिच्यावर मराठीत लिहायचे आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर मांडत आहे.

खालच्या विभागातील स्ट्रायकरच्या कारकिर्दीचा अर्थ गोलांच्या एकूण बेरजेत फारसा सापडत नाही. कारकिर्दीच्या तक्त्यात प्रत्येक क्लबची आणि हंगामाची एक ओळ असते, आणि एक ओळ संपून दुसरी सुरू होते तेथे तो सापडतो. तो क्लब का सुटला, कोणत्या अटीवर सुटला आणि नव्या ठिकाणी त्याला काय काम दिले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आकडे आपोआप बोलू लागतात. ती मिळेपर्यंत कोणत्याही खेळाडूला यशस्वी किंवा अपयशी ठरवण्याची घाई करू नये.

आधी पायऱ्या पक्क्या कराव्यात

इंग्लिश फुटबॉलची रचना एका शिडीसारखी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण शिडीच्या कोणत्या पायरीला कोणत्या वर्षी कोणते नाव होते, येथे हमखास गोंधळ होतो. आज सर्वांत वर २० क्लबांची प्रीमियर लीग आहे. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे प्रत्येकी २४ क्लबांचे तीन विभाग आहेत, त्यांच्याखाली पाचव्या पायरीवर नॅशनल लीग आणि मग प्रादेशिक लीगांचा मोठा विस्तार. म्हणजे लीग वन ही तिसरी पायरी आणि लीग टू ही चौथी. ही नावे २००४ पासूनची आहेत. १९९२ ते २००४ या काळात 'फर्स्ट डिव्हिजन' म्हणजे दुसरी पायरी होती, तर १९९२ पूर्वी त्याच नावाची डिव्हिजन देशातील सर्वोच्च होती. त्याआधी १९२१ ते १९५८ या काळात तिसरी पायरी उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत विभागलेली होती आणि चौथा विभाग १९५८ मध्ये अस्तित्वात आला. जुना तक्ता हाती घेताना प्रत्येक हंगामापुढे विभागाचे नाव लिहून ठेवण्यापेक्षा पायरीचा क्रमांक लिहावा. त्यामुळे वेगवेगळ्या दशकांतील खेळाडूंची तुलना करताना चूक होत नाही.

पाचव्या पायरीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तेथून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरच्या चार पायऱ्यांत, थेट बढती मिळण्याची व्यवस्था १९८६-८७ च्या हंगामापासून सुरू झाली. त्यापूर्वी खालचा क्लब वर यायचा तो सदस्य क्लबांच्या मतदानाने. म्हणजे १९७० च्या दशकात एखादा स्ट्रायकर वर्षानुवर्षे लीगबाहेर गोल करत राहिला असेल, तर त्याची गुणवत्ता कमी होती असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या क्लबने विजेतेपद मिळवले तरी वरचा दरवाजा उघडेलच याची खात्री नव्हती. आजही लीग टूमधून नॅशनल लीगमध्ये दोन क्लब उतरतात आणि तेवढेच दोन वर येतात, तर लीग टूमधून लीग वनमध्ये चार क्लब चढतात. या अरुंद वाटेमुळे अनेक चांगले खेळाडू पाचव्या पायरीवर अडकून राहतात.

पायरीचे महत्त्व मुंबईच्या वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नसावी. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर घेतलेले बळी आणि वानखेडेवर रणजी सामन्यात घेतलेले बळी आपण एकाच मापाने मोजत नाही, तरीही कांगा लीगच्या गोलंदाजाला कमी लेखत नाही. तीच वृत्ती येथे ठेवावी. लीग टूमधील २० गोल हे प्रीमियर लीगमधील २० गोल नव्हेत, हे खरे, पण ४६ सामन्यांच्या हंगामात, शनिवार आणि मंगळवार असे आठवड्यातून दोनदा, जानेवारीतील चिखलात, आडदांड बचावपटूंच्या धक्क्यांत केलेले ते २० गोल असतात. त्या पायरीवर हंगामात २० गोल करणारा खेळाडू क्लबला बढती मिळवून देऊ शकतो आणि म्हणून त्याच्यावर वरच्या क्लबांची नजर असते.

तक्त्यातील प्रत्येक रकाना वेगळा वाचावा

सामन्यांचा आकडा प्रथम पाहावा. जुन्या पद्धतीच्या नोंदींत तो "२८ (९)" असा लिहिलेला आढळतो. याचा अर्थ २८ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला आणि ९ सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरला. आधुनिक तक्ते या दोन्हींची बेरीज करून ३७ असा एकच आकडा देतात आणि तेथे मोठी माहिती हरवते. शेवटची दहा मिनिटे मिळालेला आणि पूर्ण ९० मिनिटे खेळलेला स्ट्रायकर यांच्यासाठी "सामना" हा शब्द एकच असला तरी संधी एकच नसते. शक्य असेल तेथे मिनिटे शोधावीत. ४६ सामन्यांच्या हंगामात जास्तीत जास्त ४,१४० मिनिटे मिळतात आणि त्यांतील किती मिनिटे त्याला मिळाली हे कळले की गोलांचे प्रमाण स्पष्ट होते.

याचे उत्तम उदाहरण स्वतः ल फाँद्रच आहे. रेडिंगकडून २०१२-१३ मध्ये त्याने प्रीमियर लीगमध्ये १२ गोल केले. यांतील ८ गोल त्याने बदली खेळाडू म्हणून उतरून केले होते आणि एका प्रीमियर लीग हंगामात बदली खेळाडूने केलेल्या गोलांचा तो विक्रम ठरला. जानेवारी २०१३ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध उतरून त्याने दोन गोल केले आणि रेडिंगने सामना जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस चेल्सीविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवर असताना त्याने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधून दिली. त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. केवळ "३४ सामने, १२ गोल" एवढेच वाचणाऱ्याला यांतील काहीच दिसणार नाही. दमलेल्या बचावफळीमागे नेमक्या क्षणी धावणे हे ज्याचे कौशल्य आहे, त्याला प्रशिक्षक राखून ठेवतो आणि राखून ठेवल्यामुळे त्याचे नाव पहिल्या अकरात दिसत नाही. अशा खेळाडूला "संघात जागा न मिळालेला" म्हणणे अन्याय आहे.

दुसरा रकाना स्पर्धांचा. लीगमधील गोल, एफए चषकातील गोल, लीग चषकातील गोल आणि खालच्या विभागांसाठीच्या स्वतंत्र चषकातील गोल वेगळे ठेवावेत. बढतीची उरलेली जागा ठरवण्यासाठी हंगामाअखेर होणारे प्ले-ऑफ सामने काही नोंदींत लीगमध्ये धरतात तर काहींत "इतर" या सदरात टाकतात, त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांत एक-दोन गोलांचा फरक आढळला तर आधी तेथे पाहावे. वुल्व्हजचा स्ट्रायकर स्टीव्ह बुल याच्या १९८७-८८ च्या हंगामाबद्दल "५२ गोल" हा आकडा नेहमी सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे, मात्र त्यांतील लीगमधील गोल ३४ होते आणि उरलेल्यांपैकी १२ गोल खालच्या दोन विभागांच्या चषकातील होते. वुल्व्हज त्या वर्षी चौथ्या पायरीवर होते. पुढच्याच वर्षी, मे १९८९ मध्ये, तिसऱ्या विभागात खेळत असतानाच बुलला इंग्लंडकडून संधी मिळाली. ग्लासगो येथे स्कॉटलंडविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. १९९० च्या विश्वचषकाच्या संघातही तो होता. एवढा मोठा झाल्यावरही तो वुल्व्हज सोडून गेला नाही, ही गोष्ट मला त्याच्या ३०६ गोलांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

तिसरी बाब पेनल्टीची. पेनल्टीवरील गोल वजा करून मगच स्ट्रायकरचे मूल्यमापन करावे, असा एक मतप्रवाह आहे. तो अर्धाच पटतो. पेनल्टी मिळवण्यात संघाचा वाटा असतो, त्यामुळे संख्या वेगळी दाखवणे योग्यच, पण पेनल्टी मारणे हेही एक कसब आहे आणि खालच्या विभागात एका पेनल्टीवर क्लबचे पुढचे वर्ष अवलंबून असते. रिकी लॅम्बर्टने साउथॅम्प्टनकडून घेतलेल्या सर्वच्या सर्व ३४ पेनल्टींवर गोल केले. हा आकडा वजा करून टाकण्याचा नसून स्वतंत्र ओळीत ठळकपणे लिहिण्याचा आहे.

ओळ बदलते तेथे थांबावे

स्ट्रायकर क्लब बदलतो तो साधारणपणे चार मार्गांनी: क्लबने त्याला विकले, उसना दिला म्हणजे लोनवर पाठवले, करार संपल्यावर ठेवून घेतले नाही, किंवा करार संपताच तो स्वतः अधिक चांगल्या ठिकाणी गेला. तक्त्यात हे चारही मार्ग सारखेच दिसतात. खालच्या विभागांत करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात आणि ते ३० जूनला संपतात. हंगाम मे महिन्यात आटोपला की प्रत्येक क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला मोकळे करणार याची यादी जाहीर करतो. त्या यादीतील दुसऱ्या भागात नाव असलेल्या तिशीतील खेळाडूच्या घरी जूनमध्ये काय वातावरण असेल, याचा विचार करूनच पुढची ओळ वाचावी. त्याच्या पुढच्या करारात वेतन कमी झाले असेल, घर बदलावे लागले असेल, मुलांची शाळा बदलावी लागली असेल. ज्या शहरात गिरणी बंद पडल्यावर माणसे नवी नोकरी शोधत वणवण फिरली, त्या शहराच्या वाचकाला क्लबांची लांबलचक यादी ही चंचलतेची खूण वाटू नये.

लोनच्या ओळी विशेष काळजीने वाचाव्यात. पूर्वी फुटबॉल लीगमधील क्लबांना हंगामाच्या मध्येही महिन्या-दोन महिन्यांसाठी खेळाडू उसना घेता येत असे. ही सोय २०१६ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून उसना खेळाडू घेणेही ठरलेल्या खरेदी-विक्रीच्या काळातच करावे लागते. म्हणून २०१६ पूर्वीच्या तक्त्यांत "५ सामने, १ गोल" अशा छोट्या छोट्या ओळी भरपूर दिसतात. त्यांवरून अस्थिरतेचा निष्कर्ष काढणे बरोबर नाही, कारण बहुतेक वेळा दुसऱ्या क्लबच्या जखमी खेळाडूची जागा भरण्यासाठी तो तेथे गेलेला असतो. तरुण खेळाडूच्या बाबतीत लोन हे शिक्षण असते. तिशीतल्या खेळाडूच्या बाबतीत मूळ क्लबच्या योजनेत त्याला स्थान उरलेले नाही, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो.

एकाच हंगामात, एकाच पायरीवर, एकाच खेळाडूचे काय होऊ शकते याचा पुरावा २०१४-१५ मध्ये सापडतो. ल फाँद्र कार्डिफकडून हंगामाच्या पहिल्या भागात २३ लीग सामने खेळला आणि त्याने ३ गोल केले. जानेवारीत तो बोल्टनकडे उसना गेला आणि १७ सामन्यांत त्याचे ८ गोल झाले. माणूस तोच, विभाग तोच, वयही तेच. बदलला तो संघ, त्याची खेळण्याची रीत आणि गोलासमोर चेंडू येण्याचा मार्ग. म्हणून कोणत्याही हंगामाविषयी मत बनवण्यापूर्वी तो क्लब गुणतक्त्यात कोठे होता, त्या वर्षी किती प्रशिक्षक बदलले आणि स्ट्रायकरच्या जोडीला कोण खेळत होता, हे अवश्य पाहावे. तळाशी झगडणाऱ्या संघातील १० गोल कधी कधी अव्वल संघातील २० गोलांपेक्षा अधिक कष्टाचे असतात.

चढण्याच्या ओळींबाबतही अशीच सावधगिरी हवी. जेमी वार्डीची कथा आता सर्वांना ठाऊक आहे: शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी मोकळे केले, मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर तो खेळला, जोडीला कारखान्यात वैद्यकीय आधारपट्ट्या बनवण्याचे काम, नंतर हॅलिफॅक्स, आणि २०११-१२ मध्ये पाचव्या पायरीवर फ्लीटवूडकडून ३१ लीग गोल. लेस्टरने त्याला सुमारे १० लाख पौंड मोजून घेतले आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता झाला. ही कथा सांगताना मधली एक ओळ बहुतेक जण गाळतात. लेस्टरमधील पहिल्या हंगामात, २०१२-१३ मध्ये, त्याने २६ लीग सामन्यांत केवळ ४ गोल केले होते आणि फुटबॉल सोडून देण्यापर्यंत त्याचे मन आले होते. पाचव्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी घेतल्यावर वेग, ताकद आणि निर्णय घेण्यास मिळणारा वेळ हे सारेच बदलते. पुढच्या वर्षी त्याने १६ लीग गोल केले. एखाद्या अन्य खेळाडूच्या तक्त्यात अशी ४ गोलांची ओळ दिसली आणि त्यानंतर तो पुन्हा खाली गेलेला आढळला, तर त्याला दुसरे वर्ष मिळाले होते का, हा प्रश्न विचारावा. पुष्कळांना ते मिळत नाही.

लॅम्बर्टची चढण याहून संथ आणि माझ्या मते खालच्या विभागांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. लिव्हरपूलने लहान वयात सोडलेला हा मुलगा ब्लॅकपूल, मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असा पुढे सरकत गेला आणि मध्यंतरी क्लब नसताना त्याने बीटच्या बरण्या भरणाऱ्या कारखान्यातही काम केले. २००८-०९ मध्ये लीग वनमध्ये २९ गोल केल्यावर साउथॅम्प्टनने त्याला घेतले, तेव्हा साउथॅम्प्टनही तिसऱ्याच पायरीवर होते. पहिल्या वर्षी ३० लीग गोल, मग २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन बढत्या, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध पदार्पण करताना चेंडूला पहिला स्पर्श होताच गोल. या कारकिर्दीत एकाही ओळीला "उडी" म्हणता येत नाही. तो क्लबाबरोबर चढला. खेळाडू एकटा चढला की क्लबासह चढला, हा फरक तक्त्यावर खुणेने दाखवून ठेवावा, कारण दुसऱ्या प्रकारात त्याचे साथीदार आणि सवयी कायम राहतात आणि त्यामुळे वरच्या पायरीवर रुळणे सोपे जाते.

बेरीतील बायचुंग

आपल्या देशातील वाचकाने या पद्धतीचा सराव बायचुंग भुतियाच्या ओळीवर करावा. तो सप्टेंबर १९९९ च्या अखेरीस बेरी या क्लबशी करारबद्ध झाला. क्लब तेव्हा 'सेकंड डिव्हिजन'मध्ये म्हणजे तिसऱ्या पायरीवर होता. त्याची लीगमधील नोंद "३७ सामने, ३ गोल" अशी आहे आणि पहिला गोल एप्रिल २००० मध्ये झाला. एवढेच वाचून त्याचा इंग्लंडमधील काळ वाया गेला असे म्हणणारे लोक आजही भेटतात.

आता रकाने उलगडून पाहावेत. बावीस वर्षांचा मुलगा हंगाम सुरू झाल्यानंतर, म्हणजे संघाची पूर्वतयारी संपल्यावर दाखल झाला. हवामान, मैदाने, खेळाचा वेग आणि शारीरिक धसमुसळेपणा हे सगळेच नवे होते. शेवटच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने तो बहुतेक काळ बाहेर राहिला. क्लब आर्थिक अडचणीत सापडून २००२ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याच हंगामात त्याची चौथ्या पायरीवर घसरण झाली. अशा क्लबमध्ये कोणत्याही स्ट्रायकरला गोल करणे अवघड होते. या ओळीचे माझे वाचन असे आहे की तीन हंगाम इंग्लिश लीगमधील व्यावसायिक क्लबने एका भारतीय स्ट्रायकरला करारावर ठेवले, ही त्या ओळीतील मुख्य नोंद असून गोलांचा आकडा तिच्यानंतर येतो. या मताशी असहमत होण्याचा वाचकाला अधिकार आहे, मात्र त्याने असहमती सामन्यागणिक तपशील पाहून नोंदवावी.

अर्धवट राहिलेल्या हंगामांची नोंद

काही ओळी कधीच पूर्ण झालेल्या नसतात. १९३९-४० चा हंगाम महायुद्धामुळे काही सामन्यांनंतरच रद्द झाला आणि त्या सामन्यांतील गोल अधिकृत लीग नोंदींत धरले जात नाहीत. युद्धकाळातील सामन्यांतील गोलही धरले जात नाहीत. त्या पिढीतील स्ट्रायकरच्या एकूण गोलांत सहा-सात वर्षांचे भगदाड असते. मार्च १९९२ मध्ये अॅल्डरशॉट बंद पडले तेव्हा त्या हंगामातील त्यांचे सर्व निकाल पुसले गेले. बेरीला ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आले आणि त्यांचे खेळाडू हंगाम सुरू झालेला असताना बेकार झाले. २०१९-२० मध्ये लीग वन आणि लीग टू महासाथीमुळे मध्येच थांबवून प्रति सामना गुणांच्या सरासरीवर क्रम ठरवण्यात आले. अशा वर्षी कमी सामने दिसले तर ती दुखापत समजू नये.

मुंबईत बसून नोंदी जुळवताना

एक व्यावहारिक अडचण तारखांची आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळ असताना संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात रात्री साडेआठला सुरू होतो. तेथे तारीख बदलत नाही. परंतु मंगळवारी तेथील पावणेआठचा सामना आपल्या घड्याळात बुधवारी मध्यरात्रीनंतर सव्वाबारा किंवा सव्वाएकला सुरू होतो आणि येथील काही संकेतस्थळे बुधवारची तारीख दाखवतात. आपल्या वहीत नेहमी इंग्लंडमधील तारीख लिहावी, अन्यथा एकच सामना दोनदा नोंदवला जातो.

कोणताही आकडा एका ठिकाणावरून घेऊन थांबू नये. क्लबच्या संकेतस्थळावरील सामन्याचा वृत्तांत आणि स्वतंत्र आकडेवारी ठेवणारी एखादी नोंद, या दोन्हींत तो जुळला पाहिजे. गोल कोणाच्या नावावर द्यायचा याविषयी सामन्यानंतर निर्णय बदलतात, बचावपटूच्या पायाला लागून गेलेला चेंडू कधी स्वयंगोल ठरतो, आणि जुन्या वर्तमानपत्रांत पहिल्या दिवशीचेच नाव राहून जाते. भुतियासारख्या खेळाडूसाठी आपल्या ग्रंथसंग्रहालयांतील १९९९ ते २००२ या काळातील मराठी दैनिकांची क्रीडापाने अवश्य चाळावीत. त्यांत आकड्यांची अचूकता नेहमीच मिळते असे नाही, पण त्या वेळी येथे त्याच्याकडे कोणत्या अपेक्षेने पाहिले जात होते हे कळते, आणि ते इंग्लंडमधील कोणत्याही नोंदीत मिळणार नाही.

वेतनाविषयीच्या अफवा, कौटुंबिक बाबी आणि व्यसनांविषयीची कुजबुज लेखनात आणू नये. खेळाडूने स्वतः जाहीरपणे सांगितले असेल तेवढेच घ्यावे. हे खेळाडू कोट्यधीश तारे नसतात. चाळिशीनंतर त्यांतील बहुतेकांना दुसरी नोकरी करावी लागते आणि आपल्या लेखनाचा परिणाम त्यांच्यावर होऊ शकतो.

लिहायला बसल्यावर

सुरुवात जन्मतारखेने न करता त्या खेळाडूच्या कारकिर्दीतील सर्वांत निर्णायक बदलाने करावी आणि तेथून मागे व पुढे जावे. आर्थर रौलीवर लिहायचे असेल तर ६१९ लीग सामन्यांतील ४३४ गोल हा इंग्लिश लीगमधील विक्रमी आकडा पहिल्याच परिच्छेदात येईल हे स्वाभाविक आहे, परंतु लेखाचा कणा वेगळा असावा. लेस्टरसाठी अडीचशेहून अधिक गोल केल्यावर १९५८ मध्ये तो श्रूजबरीला खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत गेला, नव्याने सुरू झालेल्या चौथ्या विभागातून पहिल्याच वर्षी त्याने क्लबला वर नेले आणि तेथेही दीडशेहून अधिक लीग गोल केले. इंग्लंडच्या मुख्य संघात त्याला एकदाही घेतले गेले नाही. ही वस्तुस्थिती एका वाक्यात सांगून पुढे जावे. निवड समितीवर राग काढण्यात पाने खर्च केली की त्याचा खेळच लेखातून निसटतो.

प्रत्येक क्लबला सारखी जागा देण्याचा मोह टाळावा. तीन सामन्यांच्या लोनला अर्धे वाक्य पुरते, तर ज्या क्लबमध्ये तो घडला त्याला चार परिच्छेद द्यावेत. गोलांचे वर्णन करताना तो कसा झाला हे लिहावे: डोक्याने की पायाने, कोणत्या बाजूने गोलासमोर मारलेल्या चेंडूवर (क्रॉसवर), गोलरक्षक पुढे आला होता का. "अप्रतिम", "अविस्मरणीय" अशी विशेषणे दोन-तीन सामन्यांनंतर वाचकाला काहीच सांगत नाहीत. ज्या सामन्याचे चित्रीकरण पाहिले नाही, त्यातील गोलाचे वर्णन वृत्तांतात असेल तेवढेच द्यावे.

कारकिर्दीच्या शेवटाची नोंद करताना निवृत्तीच्या घोषणेवर विसंबू नये. खालच्या विभागांतील अनेक स्ट्रायकर लीगमधून बाहेर पडल्यावर सहाव्या, सातव्या पायरीवर अर्धवेळ खेळत राहतात, दिवसा दुसरे काम करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला जातात. त्यांच्या नोंदी विखुरलेल्या असतात, म्हणून बरेच लेख लीगमधील शेवटच्या सामन्यावर संपतात. तसे न करता, त्या गावातील क्लबचे संघपत्रक, चषकाच्या पात्रता फेऱ्यांचे निकाल आणि स्थानिक वृत्तपत्र यांतून शेवटचा नोंदलेला सामना शोधावा. एफए चषकाच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि त्यांचे संघ व गोल करणारे नोंदलेले असतात, त्यामुळे शोधाची सुरुवात तेथून केल्यास वेळ वाचतो. तो सामना सापडला की त्याची तारीख, प्रतिस्पर्धी आणि मिळालेली मिनिटे तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहावीत आणि लीगबाहेरच्या या ओळींची बेरीज लीगच्या बेरजेत न मिसळता तिच्याखाली स्वतंत्र दाखवावी.